हॉल मापनाने इलेक्ट्रॉनची गतिशीलता कशी मोजावी, आणि उच्च वारंवारतेच्या ट्रान्झिस्टरसाठी तिचा अर्थ कसा लावावा

गॅलियम आर्सेनाइडमधील इलेक्ट्रॉनची गतिशीलता, म्हणजे विद्युतक्षेत्राच्या एका एककामागे त्याला मिळणारा सरासरी वेग, खोलीच्या तापमानाला सुमारे ८,५०० चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद असते, असे पाठ्यपुस्तकांच्या परिशिष्टांत छापलेले असते, आणि सिलिकॉनच्या सुमारे १,४०० या आकड्याशी तिची तुलना करून उच्च वारंवारतेसाठी संयुक्त अर्धवाहक, म्हणजे एकाहून अधिक मूलद्रव्यांचे अर्धवाहक, का वापरतात याचे उत्तर एका ओळीत उरकले जाते. हे उत्तर चुकीचे नाही, पण हातात आलेल्या वेफरबद्दल, म्हणजे अर्धवाहकाच्या चकतीबद्दल, ते फारसे काही सांगत नाही. हा आकडा अतिशुद्ध आणि अगदी कमी डोपिंग (मुद्दाम मिसळलेले परके अणू) असलेल्या स्फटिकाचा आहे; त्याच पदार्थात घन सेंटिमीटरमागे १०^१८ दाता, म्हणजे इलेक्ट्रॉन पुरवणारे, अणू घातले की गतिशीलता साधारण एक-तृतीयांशावर येते. गतिशीलता पदार्थाइतकीच त्या थराची, त्या तापमानाची आणि त्या इलेक्ट्रॉन-घनतेची असते. म्हणून ती मोजावी लागते, आणि मोजलेला आकडा कोणत्या अटींवर खरा आहे हेही तपासावे लागते. या लेखात चौरस तुकड्यावर हॉल मापन, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्रवाहाच्या आडव्या दिशेने निर्माण होणाऱ्या व्होल्टेजचे मापन, कसे करावे, त्यातून येणाऱ्या आकड्यावर केव्हा विश्वास ठेवू नये, आणि ट्रान्झिस्टरच्या रचनेत तो कोठे उपयोगी पडतो हे क्रमाने सांगितले आहे. यापुढे गतिशीलतेचे एकक प्रत्येक वेळी लिहिलेले नाही. जेथे नुसता आकडा येईल तेथे तो चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद असा घ्यावा.

मोजण्याआधी अपेक्षित आकडा ठरवा

काय अपेक्षित आहे हे ठाऊक नसताना मापनाला बसू नये, कारण हॉल मापनाचे यंत्र चुकीच्या जोडणीतूनही एक सुबक आकडा देतेच. गतिशीलता ही दोन गोष्टींवर ठरते: इलेक्ट्रॉनचे प्रभावी वस्तुमान, म्हणजे स्फटिकात हलताना तो जितका जड भासतो ते, किती आहे, आणि दोन टकरींच्या दरम्यान त्याला सरासरी किती वेळ मिळतो. हा वेळ वस्तुमानाने भागून इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने गुणला की गतिशीलता मिळते. मुक्त इलेक्ट्रॉनच्या तुलनेत प्रभावी वस्तुमान इंडियम अँटिमोनाइडमध्ये ०.०१४, इंडियम आर्सेनाइडमध्ये ०.०२३, गॅलियम आर्सेनाइडमध्ये ०.०६७, इंडियम फॉस्फाइडमध्ये ०.०८ आणि गॅलियम नायट्राइडमध्ये ०.२ च्या आसपास असते. इंडियम फॉस्फाइडच्या सब्सट्रेटशी, म्हणजे खालच्या आधार-चकतीशी, अणूंच्या जालकाने जुळणाऱ्या, म्हणजे ५३ टक्के इंडियम असलेल्या इंडियम गॅलियम आर्सेनाइडसाठी ते ०.०४१ आहे. शुद्ध नमुन्यांच्या खोलीच्या तापमानाच्या गतिशीलताही ढोबळमानाने याच क्रमाने उतरतात: इंडियम अँटिमोनाइडची सुमारे ७७,०००, या इंडियम गॅलियम आर्सेनाइडची सुमारे १२,०००, इंडियम फॉस्फाइडची सुमारे ५,४००.

टकरींचा हिशोब मात्र वस्तुमानाइतका सरळ नाही. खोलीच्या तापमानाला या बहुतेक पदार्थांत जालकाची ध्रुवीय ऑप्टिकल कंपने, म्हणजे ध्रुवीय ऑप्टिकल फोनॉन, हा मुख्य अडथळा असतो. या फोनॉनची ऊर्जा गॅलियम आर्सेनाइडमध्ये ३६ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट, तर गॅलियम नायट्राइडमध्ये ९२ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. त्यामुळे खोलीच्या तापमानाला प्रत्येक कंपन-प्रकारामागे फोनॉनची सरासरी संख्या पहिल्यात सुमारे ०.३३, तर दुसऱ्यात अवघी ०.०३ भरते. एवढ्यावरून गॅलियम नायट्राइडची गतिशीलता जास्त असायला हवी असे वाटेल, पण तेथे इलेक्ट्रॉन जड आहे आणि ध्रुवीय बंधामुळे फोनॉनशी त्याची जोडणी कितीतरी प्रबळ आहे. म्हणून शुद्ध स्फटिकातही आकडा हजार-बाराशेच्या घरातच राहतो. अ‍ॅल्युमिनियम गॅलियम नायट्राइड आणि गॅलियम नायट्राइड यांच्या सीमेवरील द्विमितीय, म्हणजे सीमेला चिकटून असलेल्या अतिपातळ, इलेक्ट्रॉन-थरात तो १,५०० ते २,००० पर्यंत जातो, आणि त्या थराची शीट-घनता, म्हणजे क्षेत्रफळाच्या एककामागील इलेक्ट्रॉनची संख्या, चौरस सेंटिमीटरमागे १०^१३ च्या आसपास असते. गॅलियम आर्सेनाइडवरील तशाच थरात गतिशीलता ८,००० च्या पुढे असली, तरी शीट-घनता साधारण १०^१२ किंवा त्याहून कमी असते. या दोन जोड्या लक्षात ठेवाव्यात, कारण पुढे गुणाकारच कामाला येणार आहे.

नमुना आणि संपर्क

चौरस तुकड्यावरचे मापन हे फिलिप्सच्या संशोधन प्रयोगशाळेतील व्हॅन डर पाऊ यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर उभे आहे. तिच्या अटी थोड्या आहेत, पण त्या शब्दशः पाळाव्या लागतात: थराची जाडी सगळीकडे सारखी असावी, त्यात छिद्र नसावे, चारही संपर्क, म्हणजे तारा जोडण्याचे धातूचे ठिपके, अगदी कडेवर असावेत आणि संपर्कांचा आकार तुकड्याच्या बाजूच्या मानाने लहान असावा. आकार चौरस असण्याची गणिताला गरज नाही. मात्र चौरस तुकड्यात सममिती असल्यामुळे चूक लगेच दिसते, म्हणून चौरसच कापावा. बाजू ५ ते १० मिलिमीटर पुरते, आणि संपर्काची लांबी बाजूच्या एक-षष्ठांशापेक्षा जास्त असू नये. ज्यांना फोटोलिथोग्राफीची सोय आहे त्यांनी चार पाकळ्यांच्या फुलासारखा आकार कोरून घ्यावा. त्यात संपर्काच्या आकाराची चूक नगण्य होते. गॅलियम आर्सेनाइड चिरताना आर्सेनिकयुक्त धूळ निर्माण होते, तेव्हा हातमोजे आणि धूळ ओढून घेणारी व्यवस्था असल्याशिवाय तुकडे करू नयेत.

संपर्क ओहमी असणे, म्हणजे त्यातील प्रवाह व्होल्टेजच्या प्रमाणात असणे, ही या सगळ्या मापनातली सर्वांत कष्टाची बाब आहे, आणि बिघडलेल्या मापनांपैकी बहुतेक येथेच बिघडलेली असतात. एन-प्रकारच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन हे वाहक असलेल्या, गॅलियम आर्सेनाइडवर झटपट तपासणीसाठी चारही कोपऱ्यांवर इंडियमचे लहान ठिपके ठेवून, नायट्रोजन किंवा हायड्रोजनमिश्रित नायट्रोजनच्या वातावरणात, ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास काही मिनिटे तापवले की काम होते. जास्त टिकाऊ संपर्क हवा असेल तर सोने, जर्मेनियम आणि निकेल यांचा थर चढवून ४०० ते ४५० अंशांना तापवतात. गॅलियम नायट्राइडच्या हेटरोस्ट्रक्चरवर, म्हणजे निरनिराळ्या अर्धवाहकांच्या थरांच्या रचनेवर, इंडियमने भागत नाही. तेथे टायटॅनियम, अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि सोने या क्रमाने थर चढवून नायट्रोजनमध्ये ८०० ते ८५० अंशांना सुमारे अर्धा मिनिट तापवण्याची रूढ पद्धत आहे.

संपर्क तयार झाल्यावर प्रत्येक जोडीमध्ये प्रवाह आणि व्होल्टेज यांचा आलेख काढावा. तो शून्यातून जाणारी सरळ रेषा असला पाहिजे, आणि प्रवाहाची दिशा उलटल्यावर उतार बदलता कामा नये. एक जोडी जरी वाकडी निघाली तरी पुढे जाऊ नये. चार टोकांच्या मापनात संपर्काचा रोध वजा होतो, तेव्हा थोडा वाकडेपणा चालेल, असा युक्तिवाद ऐकू येतो. परंतु जो संपर्क एकदिशिक वागतो तो व्होल्टेज मोजतानाही स्वतःचे विस्थापन, म्हणजे खोटे जादा व्होल्टेज, घुसवतो, आणि थंड तापमानाला तर असा संपर्क पूर्ण बंद पडतो.

शीट-रोध मोजणे

कोपऱ्यांना क्रमाने १, २, ३, ४ असे क्रमांक द्यावेत. १ मधून प्रवाह सोडून २ मधून बाहेर काढावा आणि ४ व ३ यांच्यातील व्होल्टेज मोजावे. त्याला प्रवाहाने भागून आलेला रोध हा पहिल्या बाजूचा. मग २ ते ३ असा प्रवाह देऊन १ व ४ यांच्यातील व्होल्टेजवरून दुसऱ्या बाजूचा रोध काढावा. प्रत्येक मापन प्रवाहाची दिशा उलटून पुन्हा करावे आणि दोन्हींची सरासरी घ्यावी, कारण तारांच्या जोडांवरील तापमानाच्या फरकाने निर्माण होणारे व्होल्टेज दिशा उलटल्यावर बदलत नाही आणि सरासरीत निघून जाते. त्यानंतर प्रवाहाच्या आणि व्होल्टेजच्या जोड्यांची अदलाबदल करून तीच मापने करावीत. अदलाबदलीनंतर आलेले रोध आधीच्यांशी तीन टक्क्यांच्या आत जुळले पाहिजेत. पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तर संपर्क, थराची एकसमानता किंवा जोडणी यांपैकी काहीतरी बिघडलेले आहे.

दोन्ही बाजूंचे रोध जवळजवळ सारखे असतील तर त्यांच्या सरासरीला ४.५३२ ने गुणले की शीट-रोध, म्हणजे थराच्या एका चौरसाचा रोध, मिळतो. हा गुणक म्हणजे पाय (π) भागिले दोनचा नैसर्गिक लॉगरिदम. रोधांत बराच फरक असेल तर व्हॅन डर पाऊ यांचे घातांकी समीकरण सोडवावे लागते, आणि ते संगणकावर क्षणात सुटते. मात्र चौरस तुकड्यात एका बाजूचा रोध दुसरीच्या दुपटीहून मोठा येत असेल तर समीकरण सोडवण्यापेक्षा तुकडा बदलावा, हे शहाणपणाचे.

प्रवाह किती द्यावा? नमुन्यात उष्णतेच्या रूपाने खर्च होणारी शक्ती १ मिलिवॉटच्या आत राहील इतकाच. शेकडो ओहम शीट-रोधाच्या थरासाठी १०० मायक्रोअँपिअर हा चांगला आरंभबिंदू आहे. प्रवाह अर्धा केल्यावर रोध बदलत असेल तर नमुना तापत आहे किंवा संपर्क ओहमी नाही.

हॉल व्होल्टेज

एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ पत्र्यात जो परिणाम पाहिला तोच येथे उपयोगी पडतो. या भागात प्रवाह समोरासमोरच्या कोपऱ्यांतून, म्हणजे १ ते ३, सोडायचा आणि व्होल्टेज २ व ४ यांच्यात मोजायचे; थराच्या लंब दिशेने चुंबकीय क्षेत्र लावायचे. कोपरे कितीही काळजीपूर्वक निवडले तरी ते अचूक समोरासमोर नसतात, त्यामुळे क्षेत्र शून्य असतानाही काही व्होल्टेज दिसतेच. म्हणून एक मापन क्षेत्र वर असताना आणि एक खाली असताना घ्यावे, आणि त्यांच्या फरकाचा अर्धा भाग हे हॉल व्होल्टेज मानावे. प्रवाहाच्या दोन दिशा, क्षेत्राच्या दोन दिशा आणि दोन कर्ण मिळून आठ मापने होतात, आणि ती आठही घ्यावीत. तापमान ढळले तर फरकात खोटी भर पडते, म्हणून ही मापने एका बैठकीत, नमुन्याचे तापमान स्थिरावल्यावर पूर्ण करावीत.

प्रवाह आणि क्षेत्र यांचा गुणाकार हॉल व्होल्टेज आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार यांच्या गुणाकाराने भागला की शीट-घनता मिळते. हॉल व्होल्टेज हे प्रवाह, क्षेत्र आणि शीट-रोध या तिन्हींच्या गुणाकाराने भागले की गतिशीलता मिळते. थराची जाडी यांपैकी कोठेच लागत नाही, आणि ज्या थराची जाडी नक्की माहीत नसते त्याच्यासाठी ही मोठीच सोय आहे.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. गॅलियम नायट्राइडवरील हेटरोस्ट्रक्चरच्या तुकड्यावर एका बाजूचा रोध ७९ ओहम आणि दुसरीचा ७४ ओहम आला, सरासरी ७६.५, आणि ४.५३२ ने गुणल्यावर शीट-रोध सुमारे ३४७ ओहम प्रति चौरस. प्रवाह १०० मायक्रोअँपिअर, क्षेत्र ०.५ टेस्ला, क्षेत्र एका दिशेने असताना व्होल्टेज ३.४७ मिलिव्होल्ट आणि उलट दिशेने उणे २.७७ मिलिव्होल्ट. फरकाचा अर्धा ३.१२ मिलिव्होल्ट, उरलेले ०.३५ मिलिव्होल्ट हे कोपऱ्यांच्या विस्थापनाचे. यावरून शीट-घनता चौरस सेंटिमीटरमागे १.० × १०^१३ आणि गतिशीलता १,८०० येते. आधी ठरवलेल्या अपेक्षेशी दोन्ही आकडे जुळतात, त्यामुळे पुढच्या तपासण्यांकडे वळता येते. क्षेत्र मोजणारा मीटर पाच टक्क्यांनी चुकत असेल तर शीट-घनता आणि गतिशीलता दोन्ही पाच टक्क्यांनी, पण परस्परविरुद्ध दिशांनी चुकतात आणि शीट-रोध मात्र अबाधित राहतो. म्हणून दोन प्रयोगशाळांचे शीट-रोध जुळत असून गतिशीलता जुळत नसेल, तर पहिला संशय चुंबकाच्या मीटरवर घ्यावा.

आकडा केव्हा फसवतो

पहिली फसवणूक पृष्ठभागाची आहे. गॅलियम आर्सेनाइडच्या उघड्या पृष्ठभागावर फर्मी पातळी (इलेक्ट्रॉन ज्या ऊर्जेपर्यंत भरलेले असतात ती) ऊर्जा-अंतराच्या (इलेक्ट्रॉनला निषिद्ध असलेल्या ऊर्जापट्ट्याच्या) मध्याजवळ अडकून पडते आणि पृष्ठभागाखालचा काही भाग इलेक्ट्रॉनविरहित होतो. घन सेंटिमीटरमागे १०^१७ डोपिंगच्या थरात हा रिक्त पट्टा सुमारे ०.१ मायक्रोमीटर जाडीचा असतो. वाढवलेला थर ०.३ मायक्रोमीटरचा असेल तर त्याचा एक-तृतीयांश भाग विद्युतदृष्ट्या नसल्यासारखाच आहे, आणि शीट-घनतेला पूर्ण जाडीने भागून डोपिंग काढणारा माणूस ते एक-तृतीयांशाने कमी सांगेल. गतिशीलतेवर या चुकीचा परिणाम होत नाही, तरी डोपिंग आणि गतिशीलता यांचा आलेख काढताना बिंदू चुकीच्या जागी पडतो. इंडियम आर्सेनाइडमध्ये नेमके उलट घडते: पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनचा साठा तयार होतो आणि तो आतल्या थराला समांतर वाहतो.

समांतर वहन ही दुसरी, आणि माझ्या मते सर्वांत जास्त दिशाभूल करणारी फसवणूक. हेटरोस्ट्रक्चरमध्ये द्विमितीय थराशिवाय डोपिंग केलेल्या वरच्या थरातही इलेक्ट्रॉन उरले, तर यंत्र दोन्हींचे मिश्रण एकाच आकड्यात दाखवते. समजा, मुख्य थरात १०^१२ इलेक्ट्रॉन ८,००० गतिशीलतेचे आहेत आणि वरच्या थरात तितकेच इलेक्ट्रॉन १,५०० गतिशीलतेचे आहेत. हॉल मापनात प्रत्येक थराचे वजन गतिशीलतेच्या वर्गाने पडते, म्हणून यंत्र ६,९७० ही गतिशीलता आणि १.३६ × १०^१२ ही शीट-घनता दाखवील. यांपैकी एकही संख्या नमुन्यात कोठेही अस्तित्वात नाही. वाचणारा मात्र ‘घनता थोडी जास्त, गतिशीलता थोडी कमी’ असे म्हणून वेफर चांगली ठरवतो, आणि नंतर ट्रान्झिस्टरमध्ये गेटने, म्हणजे प्रवाह नियंत्रित करणाऱ्या टोकाने, बंद न होणारा गळतीचा मार्ग सापडतो.

हे पकडण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे क्षेत्र बदलत मापन करणे: एकच प्रकारचे वाहक असतील तर काढलेली शीट-घनता क्षेत्राबरोबर बदलत नाही, दोन प्रकारचे असतील तर बदलते. मात्र हा बदल दिसण्यासाठी गतिशीलता आणि क्षेत्र यांचा गुणाकार एककाच्या जवळ जायला हवा. गतिशीलता ८,००० म्हणजे ०.८ चौरस मीटर प्रति व्होल्ट-सेकंद, ०.५ टेस्लाला गुणाकार ०.४ भरतो, आणि बदल अंधुक दिसतो. गॅलियम नायट्राइडच्या १,८०० साठी तो ०.०९ च आहे, तेव्हा तेथे या मार्गासाठी कित्येक टेस्लाचे चुंबक लागते. दुसरा मार्ग थंड करण्याचा, आणि तो बहुतेकांच्या आवाक्यातला आहे.

हॉल गुणकाचा उल्लेख थोडक्यात पुरे. हॉल गतिशीलता आणि प्रत्यक्ष वाहून नेण्याची गतिशीलता यांत एक गुणक असतो. ध्वनिक फोनॉनमुळे टकरी होत असतील तर तो १.१८, आयनीभूत अशुद्धींमुळे होत असतील तर १.९३ पर्यंत, आणि दाट द्विमितीय थरात जवळजवळ १. हेटरोस्ट्रक्चरवर काम करणाऱ्यांना तो सोडून देता येतो, कमी डोपिंगच्या जाड थरांवर काम करणाऱ्यांना येत नाही.

प्रकाश मात्र कोणालाच सोडून देता येत नाही. नमुना अंधारात ठेवावा. अ‍ॅल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडमध्ये खोल पातळीची दाता-केंद्रे असतात, जी कमी तापमानाला प्रकाशाने एकदा रिकामी झाली की अंधारातही तासन्‌तास तशीच राहतात, आणि शीट-घनता कायमची वाढल्यासारखी दिसते. अशा नमुन्याला पुन्हा खोलीच्या तापमानाला आणून, अंधारातच थंड केल्याखेरीज आधीचा आकडा परत येत नाही.

७७ केल्विनला पुन्हा मोजा

द्रवरूप नायट्रोजन हवेशीर खोलीत हाताळावे, आणि नमुन्याचा धारक सावकाश बुडवावा. या तापमानाला औष्णिक ऊर्जा ६.६ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट उरते, त्यामुळे ध्रुवीय ऑप्टिकल फोनॉन जवळजवळ नाहीसे होतात आणि उरलेली गतिशीलता अशुद्धी, सीमेचा खडबडीतपणा, मिश्रधातूतील अव्यवस्था आणि स्फटिकातील रेषीय दोष (डिसलोकेशन) यांच्याबद्दल बोलू लागते. खोलीच्या तापमानाला सारख्या दिसणाऱ्या दोन वेफर्स येथे वेगळ्या होतात. गॅलियम आर्सेनाइडचा चांगला द्विमितीय थर ७७ केल्विनला एक लाखाच्या पुढे जातो. असे घडते याचे कारण १९७८ मध्ये बेल प्रयोगशाळेतील डिंगल, श्टोर्मर, गॉसार्ड आणि विगमन यांनी दाखवून दिले: दाता अणू रुंद ऊर्जा-अंतराच्या थरात ठेवले आणि इलेक्ट्रॉन शेजारच्या शुद्ध थरात उतरू दिले, तर इलेक्ट्रॉनला आयनांच्या शेजारून जावे लागत नाही. यावरच १९८० मध्ये फुजित्सूतील मिमुरा आणि सहकाऱ्यांनी उच्च इलेक्ट्रॉन गतिशीलतेचा ट्रान्झिस्टर, म्हणजे हेम्ट, जगापुढे आणला.

दोन तापमानांचे आकडे हातात असले की एक सोपी वजाबाकी करता येते. निरनिराळ्या अडथळ्यांच्या गतिशीलतांचे व्यस्त मिळवले की एकूण गतिशीलतेचा व्यस्त मिळतो, हा नियम ढोबळ आहे, पण निदानाला पुरतो. समजा, गॅलियम नायट्राइडच्या थराची गतिशीलता खोलीत १,८०० आणि ७७ केल्विनला ९,००० आली. ९,००० ही फोनॉनखेरीजच्या अडथळ्यांची मानली आणि ती तापमानाने फारशी बदलत नाही असे धरले, तर व्यस्तांच्या वजाबाकीतून फोनॉनची मर्यादा सुमारे २,२५० निघते. याचा अर्थ, थराची वाढ कितीही निर्दोष केली तरी खोलीच्या तापमानाला २,२५० च्या पुढे जाता येणार नाही, आणि सुधारण्याजोगा वाटा १,८०० ते २,२५० एवढाच आहे. तोही मिळवण्याचा नेहमीचा उपाय म्हणजे अडथळा-थर (वरचा अ‍ॅल्युमिनियम गॅलियम नायट्राइडचा थर) आणि वाहिनी (इलेक्ट्रॉन वाहणारा थर) यांच्यामध्ये सुमारे एक नॅनोमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचा थर देणे. त्याने इलेक्ट्रॉनच्या तरंगाचा मिश्रधातूत शिरणारा भाग घटतो.

समांतर वहनाची परीक्षाही येथेच होते. गॅलियम नायट्राइडच्या द्विमितीय थराची शीट-घनता ध्रुवीकरणाने ठरते, म्हणून ती थंड केल्यावर जवळजवळ तशीच राहिली पाहिजे. ती लक्षणीय घटली, तर खोलीच्या तापमानाच्या आकड्यात दुसऱ्या कोणत्या तरी थराचा हात होता.

ट्रान्झिस्टरच्या रचनेत हा आकडा कोठे घालावा

येथे एक रूढ समज दुरुस्त करावा लागतो. गतिशीलता जास्त म्हणजे ट्रान्झिस्टर तितकाच वेगवान, असे थेट गुणोत्तर लहान गेटच्या ट्रान्झिस्टरमध्ये नसते. गेटची लांबी १०० नॅनोमीटर आणि तिच्यावर पडणारे व्होल्टेज १ व्होल्ट असेल तर सरासरी क्षेत्र १०० किलोव्होल्ट प्रति सेंटिमीटर होते. गॅलियम आर्सेनाइडमध्ये इलेक्ट्रॉनचा वेग साधारण ३.५ किलोव्होल्ट प्रति सेंटिमीटरलाच २ × १०^७ सेंटिमीटर प्रति सेकंद या शिखराला पोहोचतो आणि नंतर, इलेक्ट्रॉन जड वस्तुमानाच्या वरच्या दरीत, म्हणजे जास्त ऊर्जेच्या अवस्थांत, उड्या मारू लागल्यामुळे, उतरतो. हीच उतरण १९६३ मध्ये जे. बी. गन यांना सूक्ष्मतरंगांच्या दोलनांच्या रूपात दिसली. म्हणून गेटखाली गतिशीलता हा शब्दच फारसा लागू पडत नाही. तेथे वेग मोजावा. वेगाला गेटच्या लांबीच्या दोन-पाय (२π) पटीने भागले की प्रवाह-लाभ एकवर येण्याच्या वारंवारतेचा वरचा अंदाज मिळतो: १.३ × १०^७ सेंटिमीटर प्रति सेकंद आणि १०० नॅनोमीटर घेतल्यास सुमारे २०७ गिगाहर्ट्झ.

गतिशीलतेचा खरा प्रभाव गेटच्या बाहेर आहे. सोर्सपासून, म्हणजे इलेक्ट्रॉन आत येतात त्या टोकापासून, गेटपर्यंतच्या उघड्या पट्ट्यात क्षेत्र कमी असते, आणि तेथील रोध शीट-रोधाने, म्हणजे गतिशीलता व शीट-घनता यांच्या गुणाकाराने ठरतो. वरच्या उदाहरणातील ३४७ ओहमचा थर आणि ०.७ मायक्रोमीटरचे अंतर घेतले, तर हा रोध ०.२४ ओहम-मिलिमीटर होतो. संपर्काचा रोध ०.३ ओहम-मिलिमीटर धरल्यास सोर्सचा एकूण रोध ०.५४. अंतर्गत ट्रान्सकंडक्टन्स, म्हणजे गेटच्या व्होल्टेजमधील बदलामागे प्रवाहात होणारा बदल, मिलिमीटरमागे ०.५ सीमेन्स असेल तर या रोधामुळे बाहेर ०.३९३ एवढाच उरतो. आता त्याच शीट-घनतेवर गतिशीलता १,८०० ऐवजी २,२०० केली, तर शीट-रोध २८४ ओहमवर आणि सोर्सचा रोध ०.५० वर येतो, आणि ट्रान्सकंडक्टन्स ०.४०० होतो, लाभ दोन टक्क्यांहून कमी. याउलट गतिशीलतेला हात न लावता संपर्काचा रोध ०.१ वर आणला, तर ट्रान्सकंडक्टन्स ०.४२७ होतो, म्हणजे जवळजवळ नऊ टक्के लाभ. वाढीच्या भट्टीवर महिने घालवण्यापूर्वी हा हिशोब आपल्या आकड्यांनी करून पाहावा.

सर्व उपकरणांसाठी हा हिशोब सारखा उतरत नाही. कमी आवाजाच्या, म्हणजे स्वतःची विद्युत खळबळ कमी मिसळणाऱ्या, प्रवर्धकात ड्रेनचे (इलेक्ट्रॉन बाहेर पडतात त्या टोकाचे) व्होल्टेज लहान ठेवतात आणि सोर्सचा प्रत्येक दशांश ओहम आवाजात दिसतो. तेथे इंडियम फॉस्फाइडवरील इंडियम गॅलियम आर्सेनाइडची वाहिनी पुढे राहते, आणि २०१४ मध्ये १ टेराहर्ट्झला प्रवर्धन करून दाखवणारे परिपथ याच जातीच्या, २५ नॅनोमीटर गेटच्या ट्रान्झिस्टरचे होते. त्याची किंमत अशी, की लहान ऊर्जा-अंतरामुळे ही वाहिनी जास्त व्होल्टेज सोसत नाही. शक्तिप्रवर्धकात उलट निवड होते: गॅलियम नायट्राइडचे ऊर्जा-अंतर ३.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, त्याचे भंजन-क्षेत्र, म्हणजे पदार्थ सोसू शकेल ते कमाल विद्युतक्षेत्र, गॅलियम आर्सेनाइडच्या सुमारे आठपट आहे, आणि कमी गतिशीलतेची भरपाई दहापट शीट-घनता करते. ८,००० आणि १०^१२ यांचा गुणाकार १,८०० आणि १०^१३ यांच्या गुणाकाराच्या निम्म्याहूनही कमी भरतो, हे कागदावर मांडून पाहिले की गतिशीलतेच्या तक्त्यात तळाशी असलेला पदार्थ रडारच्या प्रक्षेपकात का बसला ते कळते.

मापनाच्या नोंदीत गतिशीलता एकटी लिहू नये. तिच्याशेजारी शीट-घनता, शीट-रोध, तापमान, क्षेत्र, प्रवाह, प्रकाशाची स्थिती, दोन्ही बाजूंच्या रोधांचे गुणोत्तर आणि क्षेत्र शून्य असतानाचे विस्थापन-व्होल्टेज लिहावे. ७७ केल्विनची ओळ त्याच नमुन्याच्या खालीच यावी. ही नोंद पूर्ण असली, तर सहा महिन्यांनी त्या वेफरवर बनलेला ट्रान्झिस्टर अपेक्षेपेक्षा मंद निघाल्यावर, दोष थराचा, संपर्कांचा की गेटचा, हे नवा तुकडा न कापता ठरवता येते.